वास न घेतलेला नैवेद्य

“देवाचं पान देवाआधी आपल्या नाकालाही कळता कामा नये, अनू. पदर बांध आधी.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण अनुपमा पाताडेच्या कानात त्यांचं हे वाक्य अजून ताजं होतं. आंबोली गावठाणातल्या डेल्फिन मिस्किटाच्या बैठ्या घराच्या ओसरीवर बसल्यावर तिनं पहिल्यांदा तेच सांगितलं. मग बराच वेळ काहीच सांगितलं नाही. हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत राहिली.

समोर बसलेल्या डेल्फिननं घाई केली नाही. विमा कंपनीत खोट्या-खऱ्या दाव्यांची चौकशी करण्यात तिची नोकरी सरली होती. निवृत्त झाल्यावर तेच काम ती आता स्वतःच्या नावावर करायची. माणूस गप्प बसला की त्याला बसू द्यावं, हे ती तिथंच शिकली होती.

तिच्या ऑफिसातला जुना सोबती लवू कोयंडे मात्र शिकला नव्हता.

“म्हणजे नैवेद्याची चोरी झाली काय?” त्यानं विचारलं.

“चोरी झाली असती तर बरं झालं असतं हो,” अनुपमा म्हणाली, आणि तिचे डोळे खाली गेले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. दहिसरला नदीजवळच्या शंकराच्या देवळात श्रावणातल्या दर सोमवारी पाताड्यांच्या घरून नारळाच्या वड्यांचा नैवेद्य जातो. सासूबाईंनी सुरू केलेला. जाताना त्यांनी तो अनुपमाच्या हातात दिला आणि तिनं शब्द दिला होता की हात चालतोय तोवर खंड पडणार नाही. गेल्या सोमवारी आरतीनंतर वड्या वाटल्या, तर आतून बुरशी. अंधारात, गर्दीत, मुलांनी खाऊन टाकल्या. रात्री पाच-सहा घरांतली मुलं ओकत होती. देवाच्या कृपेनं सगळी बरी झाली. पण दुसऱ्या दिवशी देवळात फळा लागला : ‘यापुढे घरून केलेला नैवेद्य आणू नये.’

“नाव नाही लिहिलेलं,” अनुपमा म्हणाली. “पण फळ्याखालून मी गेले ना, तर बायका गप्प होतात.”

“लोकांचं म्हणणं काय?”

“गरम वड्या बांधल्या. घाई केली. उपासतापास करते, पण हातात स्वच्छता नाही.” तिनं रुमाल पुन्हा उलगडला. “मला आठवतंय, वड्या गार झाल्या होत्या. पण आता माझं मलाच खरं वाटेनासं झालंय. येत्या सोमवारी श्रावण संपतो. चूक माझी असेल तर मी हात जोडून घरी बसेन. नसेल तर... मला कळायला पाहिजे, मॅडम. देवापुढे उभं राहताना मला लाज कशाची वाटायला हवी, एवढं तरी कळू दे.”

“वड्या कशात बांधता?” डेल्फिननं विचारलं.

“माझ्या जावेनं शोधून काढलेल्या कागदात. रेवती, धाकटी. केमिस्ट्री शिकलीय ती. साबुदाण्याच्या पिठाचा पातळ कागद असतो, उपासालाही चालतो. त्यात लवंगेचं तेल घालते. त्यामुळे बुरशी धरत नाही. वडी कागदासकट खायची.”

“रॅपरसकट! झकास,” लवू म्हणाला. “म्हणजे कचरा पण नाय.”

“वड्या माझ्या, कागद तिचा. आमचा धंदाच आहे तो दोघींचा. पूर्वी मी नैवेद्य सोमवारी पहाटे करायची. पण आता वाटायला खूप लागतात. रेवती म्हणाली, वहिनी, शनिवारीच बांधा, माझा कागद सांभाळेल. इतके दिवस सांभाळलाही त्यानं.”

डेल्फिननं मान डोलावली. “उद्या येतो आम्ही.”

*

दुसऱ्या दिवशी लवू आला तो हातात पिशवी घेऊन. वर्सोव्याहून सुके बोंबील. डेल्फिनच्या बहिणीनं मागवले होते, दहिसरला जाता जाता बोरिवलीला द्यायचे होते. बहीण नेमकी घरी नव्हती, त्यामुळे पिशवी पाताड्यांच्या जिन्यापर्यंत आली.

“तीन पिशव्यांत बांधलंय गो,” तो म्हणाला. “तरी रिक्षावाला आरशातून बघत होता.”

“श्रावणात, त्या घरात, बोंबील,” डेल्फिन म्हणाली. “शाबास लवू.”

तिचेही उपासाचे दिवस होते. वांद्र्याच्या मोत माउलीच्या सणाआधीचे नऊ दिवस ती संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसे. त्यामुळे आज चाखायचं काम लवूचं, हे तिनं त्याला आधीच बजावलं होतं.

पाताड्यांच्या दोन खोल्या एकमेकींना लागून होत्या. एकीत अनुपमाचं स्वयंपाकघर आणि देवघर, दुसरीत रेवतीची प्रयोगशाळा. सगळ्या मजल्यावर लवंगेचा वास मुरला होता, भिंतींना लावल्यासारखा.

दार रेवतीनं उघडलं. चष्मा, सुती कुर्ता, चेहऱ्यावर दमणूक. तिनं हसून लवूच्या हातातली पिशवी घेतली.

“ओझं कशाला धरून उभे आहात? इथे टेबलावर ठेवते ना.”

टेबल देवघराला टेकून होतं. स्वयंपाकघरातून अनुपमा अक्षरशः धावत आली. “अगं! नको, नको... काका, रागावू नका हां, पण ती पिशवी बाहेर जिन्यात ठेवाल? श्रावण आहे आमचा.”

लवूचा चेहरा पडला. रेवती क्षणभर पिशवीकडे बघत राहिली. मग लाल झाली. “सॉरी. लक्षात नाही आलं.”

“धाकटी मॉडर्न हा,” लवू नंतर डेल्फिनच्या कानाशी पुटपुटला. “तिका सगळा चालता.”

डेल्फिन रेवतीकडे बघत होती.

रेवतीनं काम मोकळेपणानं दाखवलं. साबुदाण्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, कोमट झालं की लवंगेचं तेल घालून घुसळायचं, स्टीलच्या ताटात पातळ ओतायचं. वाळलं की कागद सोलून काढायचा.

“चिकटत नाही ताटाला?”

“आधी ताटाला साधं तेल पुसते.” तिनं झाकण घातलेल्या स्टीलच्या वाटीकडे बोट केलं. वाटीवर स्वच्छ पांढरी चिठ्ठी होती, ठळक अक्षरांत : ‘ताटांचं तेल’.

“चिठ्ठी नवी दिसतेय.”

“आधी बाटलीत होतं ते,” दारातून अनुपमा म्हणाली. “लवंगेच्या तेलाची रिकामी झालेली बाटली मीच धुऊन ठेवली होती. चांगली जाड काच, टाकवत नाही. आमच्याकडे असंच आहे बघा, बिस्किटाच्या डब्यात राजगिरा, राजगिऱ्याच्या डब्यात मेणबत्त्या. लेबल कोण वाचतं? लवंगेचं कुठलं नि साधं कुठलं, झाकण उघडलं की कळतंच.”

“कुठं आहे ती बाटली?”

“फुटली,” रेवती म्हणाली. “याच आठवड्यात.”

मग तिनं कागदाचा एक तुकडा लवूच्या हातावर ठेवला. “हा पंधरा दिवसांपूर्वीचा आहे. खाऊन बघा.”

लवूनं तो जिभेवर ठेवला आणि थोड्या वेळात डोळे मोठे केले. “अगो, जीभ खंय गेली माझी? दाढ काढताना डॉक्टर टोचतो ना, तसं झालं!”

“लवंगेनं बधिर होतंच,” रेवती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात अभिमान आला. “दूध घातलेली नारळाची वडी या हवेत दोन दिवसांत खराब होते. याच्यात आठवडाभर टिकते. एका मोठ्या मिठाईवाल्यांकडे नमुने दिलेत. ते होकार देतील असं वाटत होतं.”

“आणि आता?”

“आता देवळातलं त्यांच्या कानावर गेलं नाही म्हणजे मिळवली.”

“देवळाच्या वड्या का खराब झाल्या असतील, तुम्हाला काय वाटतं?”

रेवतीनं हातातलं ताट पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं. “वहिनी मुद्दाम काही करणार नाहीत. पण कधी कधी वडी आतून गरम राहते. माणूस आहे, चुकतं.”

दारातल्या अनुपमानं मान खाली घातली.

*

देवघरापाशी डेल्फिननं अनुपमाला एकटीला गाठलं. “तुमच्या जावेशी कसं आहे तुमचं?”

“चांगलं आहे हो. शिकलेली असून मान देते मला. प्रत्येक ताट ओतायच्या आधी मला हाक मारते, ‘वहिनी, वास कसा वाटतोय बघा ना.’ कमी वाटला तर सांगते, मग ती अजून घालते. नाहीतर तिला काय गरज आहे? आमच्या घरात मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.” ती थोडं हसली. त्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली असावी.

“सोमवारच्या कागदाच्या वेळीही विचारलं?”

“विचारलं ना. पण देवासाठी म्हणून वेगळा कागद त्या शुक्रवारी पहिल्यांदाच केला होता, एरवी साठ्यातलाच वापरायचो. मी म्हटलं, रेवती, हे देवाचं आहे, याचा वास कसा घेऊ? नैवेद्याचं काम सुरू झालं की मी नाकातोंडाला पदर बांधते, तो देवळात पान पोचल्यावरच सोडते. शुक्रवारी सकाळपासून बांधलेला होता. तिची खोलीसुद्धा मी त्या दिवशी सोवळ्यानं पुसून काढली. ताटं, बाटल्याबिटल्या, सगळं पुसून ओळीनं लावून दिलं.”

“मग ती काय म्हणाली?”

“काही नाही. ‘बरं’ म्हणाली.”

“त्या कागदातला एखादा तुकडा उरलाय?”

“देवासाठी केलेलं टाकत नाही आम्ही. ताटांच्या कडा कापल्या होत्या त्या निर्माल्यात ठेवल्यात. नदीवर जायच्यात.” तिनं कापडी पिशवी पुढे केली. “देवाला दाखवून झालंय, आता चालेल चाखलेलं.”

लवूनं तुकडा तोंडात टाकला, चघळला, वाट बघितली. “कायच नाय. तेलकट पापडी. उडून गेलं असेल लवंगेचं.”

“पंधरा दिवसांपूर्वीच्यातलं उडालं नाही,” डेल्फिन म्हणाली, “आणि आठवड्यापूर्वीच्यातलं उडालं?”

*

खाली पार्किंगमध्ये रेवतीचा नवरा निलेश स्कूटर पुसत होता. वड्या देवळात त्यानंच पोचवल्या होत्या.

“माझ्यावर येणारच होतं,” तो म्हणाला. “उन्हात ठेवल्या का, डिकीत ठेवल्या का. नाही ठेवल्या यार. त्याच फेरीत बोरिवलीच्या दुकानातही एक डबा टाकला. त्याच वड्या, फक्त कागद आधीचा, उरलेला. दुकानदार काल म्हणाला, एकदम फर्स्ट क्लास आहेत.”

“देवळाच्या डब्यांना वास आला होता कसला?”

“वहिनींनी सोवळ्याचं कापड बांधून दिले होते. मी उघडतोय कशाला? देवाचं आहे.”

“बायको काळजीत दिसते.”

निलेशनं फडकं पिळलं. “वर्ष-दीड वर्ष झालं, तिचं काही कळत नाही मला. ती मोठ्या तापातून उठली ना, तेव्हापासून. दूध गॅसवर ठेवलं तरी मोबाइलला टायमर लावते. समोर बसलेली असते, तरी. जेवायला बाहेर चल म्हटलं तर नको. मी विचारलं तर म्हणते, कामाचं टेन्शन.” तो थांबला. “परवा तर चांगली अख्खी बाटली दिली मला भंगारात टाकायला. वहिनी बघतील तर ओरडतील, म्हणाली.”

“अख्खी?”

“एक चरासुद्धा नव्हता.”

*

देवळात शकु घरत ओट्यावर बेलाची पानं निवडत बसली होती. महिला मंडळ तिचं, फळाही तिनंच लावलेला. शनिवारपासून डबे देवळाच्या खोलीत तिच्याच किल्लीत होते.

“या, या. माझी झडती घ्यायला आलात ना?” ती म्हणाली. “पाताड्यांच्या आधी नैवेद्य आमच्या घरचा असायचा, ते सांगितलं असेल कुणी तरी. खरंय ते. राग होता मला. म्हणून काय पोरांना विष घालीन?”

“तुम्ही डबे उघडले होते?”

“देवाआधी? अहो, चर्चमध्ये तुमच्या असं कुणी करतं काय?”

“नाही करत,” डेल्फिन म्हणाली. “आरतीनंतर उघडल्यावर वास कसला आला?”

शकुचे हात थांबले. “तेच तर. एरवी डब्याचं झाकण काढलं की ओट्यापर्यंत लवंग येते. त्या दिवशी कायच नाय. आंबूस मात्र आला, पण तो उदबत्तीत मेला. मला तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं. माझ्या नातवानं दोन खाल्ल्या.” तिनं तोंड फिरवलं. “फळा लावताना मला वाटलं, चला, आता आपला नंबर. पोरगा घरी ओकत होता आणि मी हा विचार केला. लिहा, लिहायचं तर.”

“मी असलं लिहीत नाही,” डेल्फिन हळूच म्हणाली.

परत येताना लवूनं निकाल देऊन टाकला. “शकुबाईनं कागद बदलले. किल्ली तिची, राग तिचा. कबूल पण केलान अर्धं.”

“निर्माल्यातले तुकडे देवळात गेलेच नव्हते, लवू. ते अनुपमाच्या घरात कापले, घरातच राहिले. त्यांच्यातही लवंग नाही.”

लवू नदीवरच्या पुलाच्या मध्यापर्यंत विचार करत राहिला. “मग रेवतीनं. पण स्वतःच्या पोटावर कोण लाथ मारेल गो?”

“तेच मला कळत नव्हतं,” डेल्फिन म्हणाली. “आता कळलंय. आणि कळायला नको होतं असं वाटतंय.”

*

रविवारी दुपारी रेवतीच्या खोलीत चौघंच होते : दोन्ही जावा, डेल्फिन, आणि दाराशी स्टुलावर लवू. निलेशला डेल्फिननं मुद्दाम बोरिवलीला पाठवलं होतं, बहिणीकडे बोंबील पोचवायला.

तिनं पर्समधून दोन तपकिरी बाटल्या काढल्या. दोन्हींवर एकच लेबल : लवंग तेल.

“एकीत लवंगेचं आहे, एकीत साधं. कुठली कुठली ते मी विसरले,” ती म्हणाली. “रेवती, लवंगेची तेवढी मला देशील?”

रेवतीनं दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. हलवून पाहिल्या. मग ती वळली, कोपऱ्यातल्या खोक्यातून थर्माकोलचा तुकडा मोडून आणला आणि दोन्ही बाटल्यांतला एकेक थेंब त्यावर टाकला. एका थेंबाखाली काही झालं नाही. दुसऱ्याखाली थर्माकोल हळूहळू खचला, मऊ पडून आत बसला.

“ही,” रेवती म्हणाली. “लवंगेचं तेल थर्माकोल खातं.”

“वा! याला म्हणतात डोकं,” लवू म्हणाला.

डेल्फिन त्या खड्ड्याकडे बघत होती. “लवू, तू कशी ओळखली असतीस?”

“मी? मी काय, झाकण काढून हुंगली असती.”

रेवतीच्या हातातून थर्माकोलचा तुकडा खाली पडला, आणि ती तो उचलायला वाकली नाही.

“मला हे असं करायला आवडलं नाही,” डेल्फिन म्हणाली. “पण तुझ्या वहिनींनी मला विचारलंय की लाज कशाची वाटायला हवी. त्यांना उत्तर देणं भाग आहे. चुकलं तर थांबव.

“वड्या त्याच, स्कूटर तीच. जुन्या कागदातल्या टिकल्या, नव्यातल्या नासल्या. म्हणजे वड्या गरम बांधल्या हे खोटं. घरात राहिलेल्या कडांनाही लवंग नव्हती, म्हणजे देवळात कुणी काही बदललं नाही. कागद इथंच लवंगेशिवाय झाला. लवंगेच्या जागी साधं तेल पडलं. रंग सारखा, लेबल सारखं. मिसळलं तसंच, वाळलं तसंच, दिसलंही तसंच. एरवी एक बाटली ताटांजवळ असे, दुसरी फळीवर. शुक्रवारी खोली पुसताना दोन्ही शेजारी लागल्या.”

“मी लावल्या,” अनुपमा कुजबुजली.

“लावल्यात. पण त्यानं काही बिघडायला नको होतं. तुम्हीच म्हणालात, झाकण उघडलं की कळतंच. मग हिला का कळलं नाही? मला परवा दारातच उत्तर मिळालं होतं. लवूच्या तीन पिशव्यांतले बोंबील रिक्षावाल्याला कळले, तुम्हाला स्वयंपाकघरात कळले. जिच्या हातात होते तिनं देवघराशेजारी ठेवायला घेतले. ते मॉडर्नपण नव्हतं. समोर दूध असून टायमर लावणं, तेही टेन्शन नव्हतं.”

रेवतीनं चष्मा काढला.

“तापानंतर?” डेल्फिननं विचारलं.

“तापानंतर,” रेवती म्हणाली. “आधी वाटलं, आठवड्यात येईल. म्हणून कुणाला सांगितलं नाही. मग महिना झाला. मग सांगायचं तर ‘इतके दिवस का लपवलंस’ हेही सांगावं लागलं असतं.” तिचा आवाज कोरडा होता. “सुगंधी तेलाचे कागद करणारी बाई, आणि नाक नाही. निलेशलासुद्धा माहीत नाही. त्यानं गजरा आणला की मी ‘किती छान’ म्हणते.”

“एकीचं नाक तापानं बंद, दुसरीचं नेमानं,” डेल्फिन म्हणाली. “रोज एक तरी उघडं असायचं. तो एकच दिवस असा होता, की दोन्ही बंद.”

अनुपमा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. “म्हणून,” ती हळू म्हणाली, “म्हणून मला विचारायचीस. वास कसा वाटतोय, वहिनी.”

“वहिनी—”

“मला वाटायचं, तू मान देतेस.”

एवढंच म्हणून ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फळ्याखालून जातानाही तिचा चेहरा एवढा उतरला नसेल. लवूनं स्टुलावरून उठून विनाकारण खिडकी उघडली.

“सुरुवातीला गरज होती,” रेवती म्हणाली. आता ती रडत होती. “नंतर मला आवडायला लागलं ते. तुम्ही डोळे मिटून हुंगायच्या, आणि सांगायच्या, आज थोडं कडू आहे, आज देवळासारखं आहे. मला तेवढंच मिळायचं वासाचं. खोटं नाही बोलत. आता नाही बोलत.”

“बाटली फुटली म्हणालीस. गरम वड्या म्हणालीस,” डेल्फिन म्हणाली. आवाज चढला नाही, पण ती थांबलीही नाही. “ती तर नाकाची चूक नव्हती.”

“नाही.” रेवतीनं डोळे पुसले नाहीत. “मंगळवारी मी थेंब टाकून पाहिला. तेव्हाच कळलं. त्या शुक्रवारी वहिनी ‘वास नाही घेत’ म्हणाल्या, तेव्हा मला माहीत होतं की हा कागद कुणीच तपासलेला नाही. एक दिवस, काय होतंय, म्हटलं. मग मुलं आजारी पडली आणि सगळे वहिनींकडे बोट दाखवायला लागले. मी ते बोट धरून खाली केलं नाही. उलट... त्या माझ्यासमोर मान खाली घालून उभ्या होत्या, आणि मी ताट पुसत होते.”

अनुपमानं खाली पडलेला थर्माकोल उचलला, त्यातल्या खड्ड्यावरून बोट फिरवलं.

“बाटली मी ठेवली,” ती म्हणाली. “लेबल तसंच. आणि शिळा नैवेद्य मी केला. पहाटे उठायचा कंटाळा मी केला, रेवती. देवाचं काम मी कागदावर सोडलं. ते माझं मी त्याला सांगेन. पण देवळातलं तुझं आहे. ते मी नाही उचलणार.”

“मी सांगेन. उद्या पहाटेच्या आरतीला, शकुताईंना, सगळ्यांसमोर. निलेशला आज रात्री. मिठाईवाल्यांना पण.” ती थबकली. “ते नाही म्हणतील.”

“म्हणतील.”

“तरी सांगेन. शब्द देते.”

“मला नको देऊस,” अनुपमा म्हणाली, आणि देवघराकडे पाहिलं.

*

सोमवारी उजाडायच्या सुमारास डेल्फिन आणि लवू पाताड्यांच्या इमारतीसमोर चहाच्या टपरीशी उभे होते. चहा फक्त लवूच्या हातात होता. काम संपलं होतं, पैसे डेल्फिननं घेतले नव्हते, इथं येण्याचं कारण तिनं सांगितलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर दिवा होता. नारळ खवल्याचा आवाज कधीच थांबला होता.

जिन्याच्या दारातून रेवती बाहेर आली. एकटीच. दोन्ही हातांत केळीच्या पानानं झाकलेलं ताट. कागद नाही, डबा नाही. देवळातला फळा अजून तसाच होता. वर खिडकीत अनुपमा उभी होती. तिनं हात हलवला नाही, पण ती आतही गेली नाही.

रेवतीनं ओढणी नाकातोंडावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारली होती.

“हिका वास येतच नाय ना?” लवूनं विचारलं. “मग नाक कशाला बांधलान?”

डेल्फिनच्या खिशात जपमाळेचा मणी पुढे सरकला.

रेवतीनं रस्ता ओलांडला. ताट जरा छातीशी धरलं, आणि खाली बघत, सावकाश, नदीच्या दिशेनं चालू लागली.